धाकट्यानं नेटवर्क मार्केटिंगमध्ये जावं का? सांगली-मिरजकरांनो, स्पष्ट बोला

कृष्णाकाठ
धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, पगार १४ हजार. शाळेतल्या मित्रानं त्याला विश्रामबागेत एका हॉलमध्ये 'प्लॅन' बघायला नेलं. आता १८ हजारांचं किट घेऊन आयडी लावायचा, म्हणजे सभासद व्हायचं म्हणतोय. आपल्या हाताखालच्या डाव्या-उजव्या रांगेला (तिला ते 'लेग' म्हणतात) माणसं लागली, दोन्हीकडची जोडी जुळली की कमिशन. आई भिशीचे पैसे द्यायला तयार आहे. माझा विरोध आहे, पण तो म्हणतो, "दादा, तू ऐकूनच घेत नाहीस." दोन्ही बाजू सांगा.

हळदपेठ
अजिबात नको. कागद घ्या आणि त्याच्यासमोर मांडा. प्रत्येकानं पाचच माणसं आणायची धरली तर ५, २५, १२५ असं करत नवव्या पायरीला १९ लाख ५३ हजार माणसं लागतात. वरचे सगळे धरून २४ लाखांच्या पुढं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती, तीही तान्ह्या पोरांसकट. दहाव्या पायरीला ९७ लाख पाहिजेत. सातारा जिल्हा जोडला तरी पुरत नाहीत. आणि साखळी कुठंही थांबली तरी दर पाचातले चार जण सगळ्यात खालच्या ओळीत असतात, ज्यांच्याखाली कुणीच नाही. तुमचा भाऊ आता कितव्या पायरीवर चाललाय, हे त्याला कुणी सांगितलंय का?

माधवनगरची ताई
हिशोब बरोबर आहे, पण त्यावरून सगळ्यांना एकाच मापात बसवू नका. मी साबण, चहा, भांड्यांचं लिक्विड विकते. गिऱ्हाईक बांधलेलं आहे, महिन्याला घरखर्चाला हातभार लागेल एवढं सुटतं. माझ्या हाताखाली मोजक्याच बायका आहेत, त्याही माल विकतात. दुकान टाकायचं तर डिपॉझिट, भाडं, माल, कुठून आणायचं? नवऱ्यापुढं हात पसरायची वेळ संपली, हे मला कमी वाटत नाही. पोरगा १४ हजारांत बारा तास राबतोय, त्यानं दुसरं काही बघितलं तर गुन्हा आहे का?

हळदपेठ
ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण तुमचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून येतात. याला दाखवलेल्या प्लॅनमध्ये मालाचं नावसुद्धा आलेलं नाही, वाचा परत. किट, लेग, जोडी. पुढच्याच्या १८ हजारांतून मागच्याचं कमिशन निघतंय.

वाळव्याचा वकील
कायद्याचं थोडक्यात. १९७८ चा प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे. सभासद जोडल्यावर झटपट पैसा, अशी योजना चालवणंच नाही, तर तिचा सभासद होणंही त्यातल्या कलम ३ नं मना आहे. म्हणजे उद्या भावानं चुलतभावाला आणि मामाला लावलं तर "मीच फसलोय" म्हणून हात झटकता येतील असं समजू नका. थेट विक्रीला, म्हणजे दुकानाशिवाय थेट गिऱ्हाइकाला माल विकायला, मात्र बंदी नाही. तिच्यासाठी २०२१ चे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आहेत. कंपनीचा विक्रेत्याशी लेखी करार लागतो, सही केल्यावर ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं, ओळखपत्र आणि आधी वेळ घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या दारात जाता येत नाही. पिरॅमिड योजना, म्हणजे माणसं जोडण्यावरच कमिशन देणाऱ्या साखळ्या, त्याच नियमांनी बंद आहेत. आधी कराराची प्रत मागा. "नंतर ऑनलाइन येईल" म्हणाले तर तिथंच उठा.

डायमंड होणारच
न बघता बोलणारेच जास्त. मी तासगावचा, चारचौघांत तोंड उघडत नव्हतो. आज शंभर माणसांपुढं बोलतोय. ही शिकवण कुठल्या कॉलेजात मिळते? कमाई हळूहळू येतेय, सबुरी पाहिजे. दर महिन्याला स्वतःची खरेदी केली की आयडी सक्रिय राहतो, आणि तो माल घरात वापरला जातोच.

मिरज जंक्शन
बोलायला शिकलास, चांगलं आहे. पण दर महिन्याची सक्तीची खरेदी वजा करून हातात काय उरलं, ते सांग. मागं आमच्या गल्लीत एका घरी प्रोटीनच्या डब्यांनी कपाट भरलं होतं. ते घेणारी सगळी नात्यातलीच, एकदा घेतलं आणि मग त्या घरचा फोन उचलेनात. पैसे गेले तर परत मिळवता येतील. बहिणीच्या सासरी जायची लाज वाटायला लागली, ते कसं भरून काढायचं? आपल्याकडं इस्लामपूरचं कडकनाथ कोंबडीपालनात पैसे गुंतवायला लावून फसवल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघडं पडलं. ते साखळीचं नव्हतं, पण तिथंही जो तो ओळखीच्या माणसाच्या शब्दावर गेला होता.

माधवनगरची ताई
सक्तीच्या खरेदीला माझाही विरोध आहे. पण पोराला नुसतं "नको" म्हणाल तर तो चोरून जाईल. ज्यानं बोलावलंय त्याला विक्रीची वही मागा. साखळीत नसलेल्या किती गिऱ्हाइकांना गेल्या तीन महिन्यांत माल गेला? माझी वही मी कुणालाही दाखवते. त्याची चांगली निघाली तर पोराला करू द्या, अडवू नका.

हळदपेठ
वही चांगली निघाली तरी १८ हजार आधी का भरायचे? विकायला माल उचलायचा असेल तर हजाराचा उचलून बघू दे. इथं तुमचं-माझं जमणार नाही, ताई.

कृष्णाकाठ
आत्ताच भावाला सगळं वाचून दाखवलं. पायऱ्यांचा हिशोब त्यानं स्वतः मोबाईलवर करून बघितला, मग बराच वेळ बोलला नाही. तरी मित्राला तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणतोय. रविवारी मी सोबत जातोय. वही आणि कराराची प्रत, दोन्ही मागणार. तोवर भिशीचे पैसे आईकडंच राहतील, हे त्यानं मान्य केलंय.