पहाटेच्या पक्षीछायाचित्रणासाठी सुपरझूम ब्रिज कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न
नमस्कार. पक्षी आणि चंद्र यांची छायाचित्रे काढण्यासाठी कॅमेरा घ्यायचा आहे. भिंगे बदलण्याचा व्याप नको, म्हणून निकॉन पी९५० हा सुपरझूम ब्रिज कॅमेरा (न बदलणाऱ्या एकाच भिंगात मोठा झूम असलेला) मनात आहे. २४ ते २००० मिमीचा पल्ला एकाच भिंगात मिळत असूनही जाणकार मंडळी या कॅमेऱ्यांबद्दल हात राखून बोलतात, त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे. माझे बहुतेक छायाचित्रण पहाटे, झाडीत होईल.

प्रतिसाद १
आपल्या बाबतीत पल्ल्यापेक्षा ‘पहाटे, झाडीत’ हे शब्द अधिक महत्त्वाचे आहेत. २००० मिमी हा फुल फ्रेमच्या (प्रतिमा टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या कॅमेऱ्याच्या) हिशेबाने सांगितलेला आकडा आहे. भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ३५७ मिमी असते आणि बाकीचा पल्ला सेन्सर लहान असल्यामुळे मिळतो. हा सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याचा आहे. त्यातच पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/६.५ पर्यंत आकसते (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी). मंद उजेडात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, कॅमेरा नॉइझ (प्रतिमेतले दाणे) पुसू लागतो आणि त्या भरात पिसांचे बारीक तंतूही पुसले जातात. छातीवरच्या नाजूक रेघांच्या जागी रंगाचा सपाट पट्टा उरतो.

एफ/६.५ ला विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सुमारे ८.७ मायक्रॉन रुंद पसरतो, तर पिक्सेल साधारण १.३ मायक्रॉनचा असतो. त्यामुळे पूर्ण झूमला १६ मेगापिक्सेल मुख्यतः कागदावरच राहतात. स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, पण मान वळवणाऱ्या पक्ष्याला ते थांबवू शकत नाही. त्यासाठी वेगवान शटरच लागतो आणि पहाटे नेमका तोच परवडत नाही. शिवाय काँट्रास्टवर चालणारा ऑटोफोकस झाडीत पक्षी सोडून पुढची काडी पकडतो.

प्रतिसाद २
वरील मुद्दे मान्य आहेत, परंतु चंद्रासाठी हा कॅमेरा मी निःशंकपणे सुचवीन. चंद्रावर थेट ऊन पडलेले असते, त्यामुळे आयएसओ १०० वरही शटर पुरेसा वेगवान ठेवता येतो. २००० मिमीला चंद्रबिंब चौकटीच्या उंचीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापते. पौर्णिमेऐवजी अष्टमीच्या सुमारास छायाचित्र घ्यावे. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवरील विवरे तेव्हा सावल्यांमुळे उठून दिसतात. भर उन्हात स्थिर बसलेल्या पक्ष्याची ओळख पटवण्यासाठीही हा पल्ला फार उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग पहाटेसाठी सोनी आरएक्स१० मार्क ४ अधिक योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
पक्ष्याच्या जवळ जाता येत असेल, तर निश्चितच. त्याचा एक इंची सेन्सर क्षेत्रफळाने पी९५०च्या चौपट आहे आणि पूर्ण झूमला, म्हणजे ६०० मिमीलाही अ‍ॅपर्चर एफ/४ राहते, म्हणून पक्ष्याने चौकट तितकीच भरली, तर एकूण प्रकाश सुमारे दहापट मिळतो. फेज डिटेक्शनमुळे (काँट्रास्टपेक्षा वेगवान फोकस पद्धतीमुळे) फोकसही चपळ आहे. मात्र पूर्ण झूमला दोन्ही भिंगांचे प्रभावी तोंड जवळजवळ सारखेच, सुमारे ५५ मिमी व्यासाचे असते. त्यामुळे दूरच्या त्याच पक्ष्याकडून दोन्ही कॅमेऱ्यांना जवळपास तितकाच प्रकाश मिळतो आणि सोनीचे छायाचित्र कातरून मोठे केले, तरी प्रकाशाच्या बाबतीत विशेष लाभ होत नाही. आडोशाला बसून पक्षी जवळ येण्याची वाट पाहण्याची आपली तयारी असेल, तरच सोनी घ्यावा. अन्यथा पी९५० घेऊन पक्ष्यांसाठी ऊन वर येईपर्यंत थांबावे.