मदत हवी आहे: १६८३ च्या व्हाइसरॉयचा राजदंड आणि छातीवरचा क्रूस

जत्रेला आमच्या फोंड्याच्या मंडळाचं नाटक आहे. १६८३ चा प्रसंग: संभाजीराजे जुन्या गोव्याजवळच्या जुवें बेटापर्यंत आलेले, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर तिथल्या बॉं जेझू चर्चमध्ये जाऊन आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी ठेवतो. मराठ्यांच्या बाजूची चिंता नाही; मंदील, शिरपेच, तुरा, अबदागीर सगळं भाड्यानं मिळतं. अडलंय ते पोर्तुगीज साहेबापाशी. भाड्याच्या पेटीतून लाल कोट आणि पिसांची टोपी निघते, बँडवाल्यासारखी.

जुन्या गोव्याच्या म्युझियममधली व्हाइसरॉयांची चित्रं पाहून आलो. बऱ्याच जणांच्या हातात आखूड दंड आहे, आणि ऑर्डर ऑफ क्राइस्टचा (पोर्तुगीज सरदारांच्या धार्मिक-लष्करी संघाचा) लाल क्रूस, मधे पांढरी रेघ. पण ती चित्रं पुढं अनेकदा पुन्हा रंगवलीत, त्यामुळं कपड्यांवर भरवसा ठेववत नाही. नेटवर सापडतात ते बहुतेक १८ व्या शतकातले पोशाख.

दंड सुतार करून देणार आहे, शिवणकाम घरचंच. खरी तलवार नको, पोरं असतात स्टेजवर.

तर जाणकारांनी एवढं सांगा: १६८० च्या सुमारास हा क्रूस झग्यावर शिवलेला असे की फितीनं गळ्यात लटकवलेला? दंड साधारण किती लांब, टोकांना धातू होता का? आणि शवपेटीपुढं जाताना टोपी-तलवार उतरवायची रीत होती का?