मदत हवी आहे : साडेतीन वर्षांच्या नातीच्या हातांना जमेल अशी हस्तकला

नमस्कार.

आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करत असल्याने माझी साडेतीन वर्षांची नात बालवाडीतून आल्यापासून संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ असते. पावसात तिला खाली खेळायला नेता येत नाही, म्हणून घरीच तिच्या हातांना काही काम द्यावे असे मनात आहे.

माझी अडचण साहित्याची नाही. घोटीव कागद, कार्डशीट, क्रेप कागद मेन रोडला सहज मिळतात. अडचण अशी आहे की, हस्तकलेचे जे प्रकार मोबाइलवर दिसतात त्यांत कापणे, मोजणे, घड्या घालणे ही सगळी कामे मोठ्यांनाच करावी लागतात आणि मुलाच्या वाट्याला फार तर शेवटचे डोळे चिकटवणे उरते. बालवाडीतून घरी करायला येणाऱ्या वस्तूंचीही तीच तऱ्हा आहे. वर्गाबाहेर टांगलेली फुलपाखरे पाहिली की, ती आयांनी रात्री जागून केली आहेत हे लगेच कळते, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते. वस्तू वेडीवाकडी झाली तरी चालेल, पण ती तिने केलेली असावी.

कागद फाडणे तिला अतिशय आवडते. वर्तमानपत्राची लांब पट्टी फाडताना ती जीभ दातांत धरून बसते आणि पट्टी मध्येच न तुटता शेवटपर्यंत आली, तर दोन्ही हातांनी उंच धरून मला दाखवते. कात्रीत मात्र कागद अडकतो आणि ती चिडते. गोल काढता येतो, चौकोन साधत नाही.

चिकटवण्यासाठी घरीच मैद्याची खळ करावी असे वाटते, परंतु आमच्या लहानपणी खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालत असत, आणि ते विषारी असल्याने मला नको आहे. त्याशिवाय खळ किती दिवस राहते? गणपतीही जवळ आले आहेत, तर या वयात शाडूची माती द्यावी का? केलेली वस्तू वाळताना तडकली तर तिचा हिरमोड होईल, याची धास्ती वाटते. तिची बोटे अजून अधूनमधून तोंडात जातात, म्हणून रंग कोणते द्यावेत तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

काकू, नमस्कार. मी पंचवटीत बालवाडीच्या मुलांना शिकवते. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या सुमारास अधिकची खूण आणि त्यानंतर चौकोन, असा क्रम बहुतेक मुलांत दिसतो, तेव्हा चौकोनाची काळजी नसावी. पातळ कागद पात्यांमध्ये दुमडतो म्हणून कात्री अडते. बोथट टोकाची कात्री आणि जुन्या लग्नपत्रिकेची बोटभर रुंदीची पट्टी द्या. एका कचीत तुकडा पडतो आणि मूल खूश होते.

मोरचूद मुळीच घालू नका. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मग एकूण चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत दाट होऊ द्यावा. झाकून फ्रिजमध्ये ठेवलेली खळ तीन-चार दिवस चालते. आंबूस वास आला की टाकून द्यावी.

शाडू अवश्य द्या, फक्त मूर्तीचा आग्रह धरू नका. मोदक, पाट, उंदीर एवढे पुष्कळ झाले. वरचा थर आतल्यापेक्षा लवकर वाळून आकसतो म्हणून तडा जातो. त्यामुळे वस्तू लहान ठेवावी, पहिला दिवस ओलसर फडक्याखाली आणि पुढे सावलीत वाळवावी, पंख्याखाली ठेवू नये. उंदराचा कान नुसता दाबून बसवला तर वाळल्यावर गळतो; दोन्ही बाजू काडीने खरवडून मध्ये पातळ कालवलेली माती लावली की टिकतो. एवढे करूनही वस्तू तडकलीच, तर ती तिच्याच हातांनी पाण्यात टाकू द्या. न भाजलेली माती विरघळते, निथळून पुन्हा मळता येते, आणि मुलांना हे विरघळणे मूर्तीइतकेच आवडते असा माझा अनुभव आहे. सांडलेली सुकी माती झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे धूळ उडत नाही.

रंगांसाठी हळदीपासून सुरुवात करा. पाण्यात कालवलेली हळद जाड पांढऱ्या कागदावर फासून पूर्ण वाळवावी आणि तिला कापसाच्या बोळ्याने अंगाच्या साबणाचे पाणी त्यावर लावायला सांगावे. बोळा फिरेल तेथे पिवळ्याचा लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. त्या लालावर लिंबाचे थेंब टाकले की पिवळा परत येतो. हे सारे मूल स्वतः करू शकते. फक्त साबणाचे पाणी तोंडात जाऊ नये म्हणून तुम्ही शेजारी बसा आणि हळदीचे डाग निघत नसल्याने जुना फ्रॉक घाला.

प्रतिसाद २

वरील सूचनांत भेंडीच्या ठशांची भर घालतो. देठाकडचा भाग आडवा कापून फडक्याने चिकटपणा टिपून घ्यावा, मग तो बिटाच्या दाट रसात बुडवून कागदावर टेकवला की फुलासारखा ठसा उमटतो. कापणे तुमचे, बाकी सगळे तिचे. अर्धा कापलेला कांदाही चालतो, पण तो आदल्या दिवशी कापून ठेवावा, म्हणजे डोळ्यांना झोंबत नाही. कांद्याची वाळकी साले टाकू नका. पाण्यात उकळून गाळली की सुरेख तपकिरी-केशरी रंग मिळतो.