स्वस्त एफपीजीए घेताना आधी काय बघायचं, चिप की सॉफ्टवेअर?

हिंगण्याचा_कार्डवाला:
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग शिव्या द्या. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण कोडने ठरवायची ती चिप. तिची किंमत सगळ्यात शेवटी बघायची. आधी बघायचं की तिचं सॉफ्टवेअर फुकट आहे का, आणि दहा वर्षांनी ते चालू होईल का. एमआयडीसीत मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. मागच्या उन्हाळ्यात एक कार्ड आलं, त्यावर जुनी सीपीएलडी, म्हणजे एफपीजीएची धाकटी बहीण. गिऱ्हाइकाकडे सोर्स फाइल होती, तरी दोन दिवस गेले. सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसेचना. शेवटी माळ्यावरचा विंडोज ७ चा डबा खाली काढला, आतली धूळ फुंकली, तेव्हा कुठे काम झालं. म्हणून नवीन कामाला मी लॅटिस कंपनीची आइस४० एफपीजीए धरलीय. कोडचं सर्किट करणारं योसिस आणि ते चिपवर मांडणारं नेक्स्टपीएनआर, दोन्ही मुक्त, लायसन्स फाइलची कटकट नाही.

लॅबवाले_सर:
दुकानाला ठीक, पोरांना नाही. मुलाखतीत योसिस कोण विचारतं? टायमिंग कन्स्ट्रेंट (सिग्नल किती वेळात पोचायला हवा याची अट) विचारतात, एएमडीचं व्हिवाडो सॉफ्टवेअर विचारतात. त्याची फुकट आवृत्ती स्पार्टन-७ आणि लहान आर्टिक्स-७ चिपना पुरते. शिवाय चालू चिपच्या आतले सिग्नल स्क्रीनवर बघता येतात. ते एकदा पाहिलं की पोरगं अंदाजपंचे कोड बदलणं सोडतं.

होस्टेल_रूम_७:
सर, पण व्हिवाडोले जागा किती लागते ते तं सांगा! कित्येक दहा जीबी. माझ्या लॅपटॉपची डिस्क २५६ ची हाय, त्यात विंडोज अन् बाकीचा पसारा. मी टँग नॅनो ९के बोर्ड घेतला, त्यावर गोविनची एफपीजीए. ८,६४० एलयूटी (लॉजिकचे लहान तुकडे), फ्लॅश चिपच्या आतच. गोविनच्या सॉफ्टवेअरच्या एज्युकेशन आवृत्तीले लायसन्स मागत नाही, अन् अपिक्युला या मुक्त प्रकल्पामुळे योसिसनंबी चालते. पहिल्या दिवशी मातर अर्धा तास डोकं खाजवलं. कोड बरोबर, पण सहाही एलईडी मी सांगतो त्याच्या उलटे. मग समजलं, शून्य दिल्यावर पेटतात!

लॅबवाले_सर:
त्या अर्ध्या तासात जे शिकलास ते मी तासभर फळ्यावर शिकवूनही डोक्यात शिरत नाही. पण मुद्दा सोडत नाही. दोन-तीन क्लॉक असलेलं डिझाइन घे, मग मुक्त टूलची टायमिंगची बाजू किती पुरते ते बघू.

जुना_७४_मालिकावाला:
तुम्ही दोघं भांडा. कार्डवाले भाऊ, तुमची कार्डं ५ व्होल्टची ना? आइस४० च्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. आत येणाऱ्या प्रत्येक सिग्नलला ७४एलव्हीसी२४५ सारखी ५ व्होल्ट सोसणारी बफर चिप मध्ये घालावी लागेल. बाहेर जाताना पुढे ७४एचसीटी चिप असेल तर आइस४० च्या ३.३ व्होल्टवर भागतं, ७४एचसी असेल तर भरवसा नाही. चार गेट आणि दोन फ्लिपफ्लॉपसाठी एवढा खटाटोप काऊन? एटीएफ२२व्ही१० ही छोटी प्रोग्रामेबल चिप लावा. २४ पिनांची डिप (दोन ओळींत पिना), सरळ ५ व्होल्ट, १० मॅक्रोसेल (एक फ्लिपफ्लॉप आणि त्याचं लॉजिक म्हणजे एक). सॉकेटमध्ये बसवली की झालं. तिचं सॉफ्टवेअर विनकपल फुकट आहे.

हिंगण्याचा_कार्डवाला:
५ व्होल्टचं अगदी खरं, तिथे मी मार खातो. लहान कार्डाला तुमचंच बरोबर. पण सत्तरेक मॅक्रोसेलचं काम आलं की? एक्ससी९५७२एक्सएल या सीपीएलडीच्या इनपुट पिना ५ व्होल्ट घेतात म्हणून सगळे तिच्याकडे धावायचे. तिला लागणाऱ्या आयएसई सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती १४.७, २०१३ ची. आणि २०२४ मध्ये एएमडीने शेवटच्या ऑर्डरी घेऊन ती मालिकाच गुंडाळली. आता जुना स्टॉक शोधा, आणि वरचं नाव घासून पुन्हा छापलेली निघाली तर नशीब.

जुना_७४_मालिकावाला:
त्यासाठी एटीएफ१५०४ सीपीएलडी आहे की. ५ व्होल्ट, ६४ मॅक्रोसेल. सत्तरचं काम चौसष्टात बसवायला थोडी अक्कल लागते, ती फुकटच मिळते.

हिंगण्याचा_कार्डवाला:
😄 पण विनकपल विंडोजचंच ना? म्हणजे माळ्यावरचा डबा काही भंगारात जात नाही.

होस्टेल_रूम_७:
काका, २२व्ही१० साठी गॅलेट हे सॉफ्टवेअर पाहा. लिनक्सवर चालते, समीकरणं लिहा अन् चिपमध्ये भरायची जेडेक फाइल काढा. डबा द्या मले, त्यातला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पायजे होता.