तांबड्या पेशीत हिवतापाचा परजीवी शिरतो कसा?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, खानापूर)
लोंढ्याच्या जंगलपट्टीत कामाला असलेल्या माझ्या धाकट्या भावाला गेल्या महिन्यात व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीचा हिवताप झाला, तेव्हापासून एक शंका मनात आहे. काही पांढऱ्या पेशी बाहेरचे जंतू गिळतात. तांबडी पेशी मात्र काहीच गिळत नाही. मग परजीवी तिच्यात शिरतो कसा, आणि त्या वेळी ती फुटत का नाही?

उत्तर (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बेळगाव)
मॅडम, पेशी गिळत नाही म्हणूनच सारे काम परजीवीला स्वतः करावे लागते. रक्तात उतरलेला मेरोझोइट, म्हणजे तांबड्या पेशीत शिरणारे परजीवीचे रूप, जेमतेम १ ते २ मायक्रोमीटर लांबीचा असतो. तो प्रथम कसाही पेशीला चिकटतो आणि मग वळून आपले टोक तिच्याकडे करतो, कारण प्रवेशाला लागणारी प्रथिने त्या टोकाजवळच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेली असतात. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या जातीत आरएच५ हे प्रथिन पेशीवरील बेसिजिन या प्रथिनाला धरते. २०११ मध्ये उजेडात आलेल्या या जोडीवाचून त्या जातीचे चालत नाही, म्हणून लस शोधणाऱ्यांचे तिच्याकडे लक्ष आहे. पुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. परजीवी आपलीच आरओएन प्रथिने पेशीच्या आवरणात रोवतो आणि स्वतःच्या अंगावरील एएमए१ या प्रथिनाने त्यांना धरतो; म्हणजे खुंटी त्याचीच आणि पकडही त्याचीच. या पकडीचे कडे टोकाकडून मागे सरकते आणि ॲक्टिन-मायोसिन या हालचाल घडवणाऱ्या प्रथिनांच्या जोरावर तो आत जातो. आवरणाला भोक पडत नाही. ते आत दुमडते आणि परजीवीमागे मिटते, म्हणून पेशी शाबूत राहते. आत शिरण्याची ही क्रिया साधारण अर्ध्या मिनिटात उरकते.

प्रश्नकर्ती
भावाच्या रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी अगदी थोडे दिसले होते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर (डॉक्टर, निपाणी)
आहे. व्हायवॅक्स मुख्यतः अस्थिमज्जेतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या एकूण पेशींच्या १ ते २ टक्केच असतात. फॅल्सिपेरम कोवळी-जुनी असा भेद करत नाही, त्यामुळे तो रक्तात फार वेगाने वाढू शकतो. मात्र व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. जी६पीडी या तांबड्या पेशीतील विकराची तपासणी करून, या सुप्त परजीवींसाठी दिलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या आपल्या भावाने पूर्ण १४ दिवस घेतल्या का?

प्रश्नकर्ती
ताप उतरला म्हणून त्याने त्या पाचव्या दिवशी सोडल्या. उद्या सकाळीच त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जाते.