बर्फ आणि आडवाट : एकाच टायरवर दोन्ही भागवू नका

रानवाट :
एसयूव्ही घेतली की पहिला सल्ला ठरलेला : "ऑल-टेरेन घाल, बर्फातही चालतात." ऑल-टेरेन किंवा एटी म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी केलेले टायर. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, म्हणून हा धागा.

टायरच्या कडेला तीन शिखरं आणि त्यांच्या आत हिमकण असं चिन्ह दिसलं की लोक निर्धास्त होतात. ते चिन्ह दाबून बसलेल्या बर्फावरच्या चाचणीतून मिळतं. रस्त्यावर पाणी गोठून जो गुळगुळीत थर तयार होतो, त्यावर टायर कसा वागेल हे त्या चाचणीत येत नाही. वळणावर गाडी टिकेल का, हेही नाही. नुसतं 'एम+एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला तेवढाही आधार नाही. ते खाचांच्या रचनेवरून कंपनीच छापते. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी नुसतं एम+एस धरणं बंद केलं, ते योग्यच केलं.

खरा फरक रबरात आहे. तापमान ७ अंशांच्या आसपास किंवा खाली गेलं की साधं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर तेव्हाही मऊ राहतं आणि त्याच्या खाचांमधल्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक काप असतात, ते कडा उघडून रस्ता धरतात. ऑल-टेरेनचे ठोकळे दगडावर फाटू नयेत म्हणून जाड आणि टणक केलेले असतात. एकाच रबराकडून दोन्ही कामं पूर्ण होत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : दोन संच ठेवा. थंडीत खरे हिवाळी टायर, एरवी एटी.

चौथा_गिअर :
असहमत. रानवाट, तुम्ही डांबरी रस्त्याबद्दल लिहिताय आणि शीर्षकात आडवाट म्हणताय. आमच्यासारख्यांचा बर्फ जंगलातल्या कच्च्या वाटेच्या शेवटी असतो. एकाच दिवसात ओलं डांबर, मग खडी, मग धारदार दगड, मग चिखल, आणि वर गेल्यावर गुडघाभर बर्फ. यातल्या कुठल्या टप्प्यावर थांबून मी चारही चाकं बदलायची?

हिवाळी टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, पातळ असते. दगडाने ती चिरली तर ट्रेडवरच्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या) पंक्चरसारखा ठिगळाने इलाज होत नाही, टायर गेलाच. काही चांगल्या एटीत साइडवॉलला तीन थर असतात. शिवाय भुसभुशीत बर्फात पकड येते ती खाचांत दाबून बसलेल्या बर्फाची खालच्या बर्फाशी. तिथे एटीच्या रुंद खाचा उत्तम काम करतात. खोलीही जास्त मिळते. ऑस्ट्रियात ४ मिमीच्या खाली गेलेला टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. एटीला तिथवर झिजायला बराच वेळ लागतो.

निसरडी :
चौथा_गिअर, खोली टिकते हे मान्य, पण रबर दरवर्षी कडक होत जातं. सहा वर्षांचा एटी खोल दिसतो आणि बर्फावर लाकडासारखा वागतो.

तुमच्या पूर्ण दिवसात सगळ्यात धोक्याचा टप्पा कुठला ते पाहा. वर गुडघाभर बर्फात गाडी रुतली तर फावडं काढायचं, तास-दोन तास जातील. संध्याकाळी उतरताना सावलीतलं वळण गोठलेलं असतं आणि समोरून गाडी येत असते, तिथे जीव जातो. शून्य अंशाच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून तो कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षाही जास्त घसरतो. आणि चारही चाकांना ताकद मिळणं हे फक्त गाडी पुढे ढकलायला उपयोगी आहे. थांबायला चार ब्रेक सगळ्यांनाच असतात, छोट्या कारलासुद्धा. फोर बाय फोरमुळे वेग सहज पकडला जातो आणि चालकाला वाटतं पकड आहे. मला याची खरंच काळजी वाटते, कारण हे वाक्य मी अनुभवी लोकांकडूनही ऐकते : "माझी फोर बाय फोर आहे, मला काय!"

मड-टेरेनबद्दल, म्हणजे खास चिखलाच्या टायरबद्दल, एकच वाक्य : कडक बर्फाच्या रस्त्यावर ते आणूच नका, ठोकळे मोठे असतात आणि त्यांवर काप जवळपास नसतात.

पान्हा_१९ :
टायरवर एवढं भांडण चाललंय आणि रिमबद्दल कोणी बोलेना. मला विचाराल तर निम्मी चूक तिथे होते. शोरूममधून २० इंची अलॉय (मिश्रधातूच्या) रिमवर गाडी येते आणि मालक त्यावरच एटी चढवतो.

हिशेब बघा. २६५/५० आर२० (रुंदी २६५ मिमी, साइडवॉल रुंदीच्या ५० टक्के, रिम २० इंची) या टायरची साइडवॉल साधारण १३२ मिमी. २६५/६५ आर१७ घेतला तर ती १७२ मिमी होते, आणि बाहेरचा व्यास दोन्हींचा ७७५ मिमीच्या आसपासच, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. हे जास्तीचे ४० मिमी रबर दगडाचा मार खातं आणि हवा कमी केल्यावर टायरला पसरू देतं. दोन संच करा की एक, रिम लहान करा. फक्त आधी ब्रेकची चकती दाबणाऱ्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, ते पाहा. मोठ्या ब्रेकच्या गाड्यांत १७ बसतच नाही.

पोलादी की अलॉय? मी पोलादी. दगडावर आपटली तर वाकते, ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉयला तडा गेला की हवा गेली. वजन जास्त, दिसायला साधी, मान्य.

आणि बाहेर डोकावणारी चाकं दिसायला छान म्हणून ऑफसेट, म्हणजे चाक किती आत बसतं ते माप, कमी करू नका. भार बेअरिंगपासून दूर जातो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसके देतं, चिखल दारांवर उडतो. रिमचं मधलं भोक हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) नेमकं बसलं पाहिजे. चाकं बदलल्यावर थोडं चालवून नट पुन्हा ताणायचे, हे तर सांगायलाच नको.

चौथा_गिअर :
रिमबद्दल पान्हा_१९ यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण रुंदीचं काय? हिवाळ्यात अरुंद टायर घ्या असं सगळे म्हणतात. आइसलँडमध्ये लोक ३८ इंची आणि त्याहून मोठे रुंद टायर लावून हिमनदीवर जातात, हवा ५ पीएसआयच्याही (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) खाली आणून. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद रुततो.

रानवाट :
दोन्ही खरं, कारण बर्फ दोन प्रकारचा. रस्त्यावर चार बोटं ओला बर्फ असेल तर टायरने तो कापून खालच्या डांबरापर्यंत पोहोचायचं, तिथे अरुंद. खाली तळच हाती लागणार नाही इतका खोल असेल तर वर राहायचं, तिथे रुंद आणि हवा कमी. आइसलँडच्या त्या गाड्यांची चाकांची कमानच कापून मोठी केलेली असते, गिअर बदललेले असतात. आपली रोजची एसयूव्ही ते सोसणार नाही. पान्हा_१९ यांच्या उदाहरणात २४५/७० आर१७ बसवून पाहा : व्यास तोच, रुंदी २० मिमी कमी, साइडवॉल तेवढीच. हिवाळी संचासाठी मी तो घेईन.

हवेबद्दल : साध्या रिमवर १५ पीएसआयच्या खाली गेलात आणि चाक आडवं दाबलं गेलं, तर टायर रिमच्या कडेवरून निसटू शकतो. डांबरावर परतण्याआधी हवा भरायचा पंप गाडीतच हवा. थंडीत हवा आपोआपही उतरते, साधारण साडेपाच अंशांना १ पीएसआय. उबदार गॅरेजमध्ये भरून निघालात तर वर पोहोचेपर्यंत आकडा वेगळा असतो.

चौथा_गिअर :
ठीक. तरी माझं मत बदललेलं नाही. ज्याचा हिवाळा गावातल्या रस्त्यांवर जातो त्याने दोन संच करावेत. ज्याची प्रत्येक खेप दगडातून बर्फाकडे जाते, त्याने हिमकणाचं चिन्ह असलेला, भरपूर काप असलेला एटी घ्यावा, हलक्या बांधणीचा. ट्रकसाठीचा दहा-प्लाय (जास्त भारासाठी जाड बांधणीचा) नको, तो जड असतो आणि रिकाम्या एसयूव्हीखाली दबतच नाही. गोठलेल्या उतारासाठी सोबत टायरवर चढवायची चेन.

निसरडी :
चेन म्हणताय तर आधी टायर आणि सस्पेन्शनमधली जागा मोजा. मूळ मापापेक्षा मोठा एटी घातला की ती जागा आधी जाते, आणि चेन आतल्या बाजूने ब्रेकची नळी घासते. कोणत्या चाकांना चेन चालते ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही एसयूव्हींत एखाद्या मापाच्या टायरवर चेन लावायलाच मनाई असते. तुमचं माप त्यात असेल, तर उतारासाठी तुमच्याकडे फक्त तो एटीच उरतो. मग तुम्ही त्या वळणावर काय करणार, ते सांगा.