विषय: टायरचा दिवा सकाळी लागतो, दुपारी विझतो

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून मिनेसोटातल्या सेंट पॉलला आलो आणि जुनी गाडी घेतली. परवा सकाळी पारा उणे १० फॅरनहाइटवर होता. गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला: घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि मधे उद्गारचिन्ह. फ्रीवेवर जरा वेळ गेल्यावर विझला. काल पुन्हा तेच. टायर बघून तर ठीक वाटतात. पंक्चर असेल का? दुकानात नायट्रोजन भरून घ्या म्हणाले. मुलीला रोज याच गाडीतून डे-केअरला सोडतो, म्हणून विचारतोय.

— सेंट पॉल

~~~

नमस्कार,

चारही टायर सारखेच उतरले असतील तर ही थंडीची करामत. एकच बराच खाली असेल तर खिळा शोधा.

तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण १ पीएसआयने (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) घटतो. समजा ऑक्टोबरमध्ये ७० अंशांत ३५ भरली होती. उणे १० ला तीच हवा साडेसत्तावीसच्या आसपास दाखवते. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपतोच. म्हणजे जानेवारीत तुम्ही पंचवीसच्या घरात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे गाडीला जेवढी हवा सांगितली आहे त्याच्या २५ टक्के खाली गेल्यावर दिवा लागला पाहिजे. ३५ ची गाडी असेल तर २६ पाशी. तेव्हा कृपा करून दिव्याची वाट बघू नका. तो लागेपर्यंत टायर बराच उतरलेला असतो, आणि बर्फावर ब्रेक मारताना ते जाणवतं.

गाडी धावली की टायर तापतो, दाब दोन-चार पीएसआय चढतो आणि दिवा विझतो. हवा मात्र तेवढीच असते. म्हणून सकाळी, गाडी हलवायच्या आधी गेज (दाब मोजायचं साधन) लावा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा धरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका.

नायट्रोजनला पैसे घालू नका. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि थंडीत दोन्हींचा दाब सारखाच उतरतो.

— ईगन

~~~

वरच्या उत्तरात थोडी भर. दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर हवेचा प्रश्न नसतो, यंत्रणाच बिघडलेली असते. बहुतेक वेळा चाकातल्या, दाब मोजणाऱ्या सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती पाच ते दहा वर्षं टिकते, आणि तुमची गाडी जुनी आहे, म्हणून लक्ष ठेवा.

आमच्यासारखं ज्यांचं गॅरेज गरम असतं त्यांनी हिशोब वेगळा करायचा. आत ५०, बाहेर उणे १०, म्हणजे बाहेर पडल्यावर सहाएक पीएसआय कमी. आत हवा भरताना तेवढी जास्तच भरा.

आणि व्हॉल्व्हच्या टोप्या प्लास्टिकच्याच ठेवा. सेन्सरच्या ॲल्युमिनियम व्हॉल्व्हवर धातूची टोपी रस्त्यावरच्या मिठाने गंजून अशी घट्ट बसते की काढताना व्हॉल्व्हच तुटतो.

— वुडबरी

~~~

दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी मोजलं: पुढे २६ आणि २६, मागे २५ आणि २६. स्टिकरवर ३५ आहे. पण जवळच्या गॅस स्टेशनचा पंप गोठलाय, पुढचा पाच मैलांवर आहे. तिथे पोचेपर्यंत टायर तापणार. मग किती भरायची?

— सेंट पॉल

~~~

सकाळची तूट लिहून ठेवा: नऊ, नऊ, दहा, नऊ. पंपावर गेज जे दाखवेल त्यात तेवढी मिळवा. तिथे ३८ भरली तरी घाबरू नका, उद्या सकाळी ती पस्तीसच भरेल. स्टेपनीही तपासा. छोटी असेल तर तिला बहुधा ६० लागते. तिला कोणी वर्षानुवर्षं हात लावत नाही.

माझ्याकडे १२ व्होल्टचा पंप आहे. शनिवारी हळदीकुंकवाला आणतो. ज्यांना हवा भरायची आहे त्यांनी घरून निघण्याआधीच हवा मोजून आकडे घेऊन या. पंप हॉलच्या आत ठेवतो, बाहेर त्याची नळी कडक होते.

— ईगन